समुद्रतळीच्या वायूचा जमाखर्च

समुद्राचा तळ अभेद्य आणि निश्चल आहे, त्याच्यावर जे पडते ते कायमचे गाडले जाते आणि त्याच्याखाली जे दडलेले असते ते कायमचे तेथेच राहते, ही सुशिक्षित माणसांतही सर्रास आढळणारी समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. जगातील कितीतरी किनाऱ्यांवर, 10, 20, 50 मीटर खोलीच्या उथळ पाण्याखाली, गाळाच्या थरांतून आणि खडकांच्या भेगांतून मिथेन वायू अहोरात्र पाझरत असतो. आणि हा पाझर कोणत्याही कारखान्याने वा विहिरीने सुरू केलेला नसून तो मनुष्यजातीहून पुरातन आहे. आता मिथेन हा काही निरुपद्रवी वायू नव्हे. शंभर वर्षांच्या मुदतीचा हिशेब केला तर वजनास वजन धरून तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो, आणि मुदत 20 वर्षांची धरली तर हीच पट 80 च्या आसपास जाते. तेव्हा जो वायू आपण सोडू नये म्हणून राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदा भरतात, तोच वायू समुद्र आपण होऊन सोडीत असेल तर या गोष्टीचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांपुरता राहत नाही.

त्याची दोन उत्तरे सध्या प्रचारात आहेत आणि दोन्ही मला अग्राह्य वाटतात. पहिले उत्तर असे की, पृथ्वी स्वतःच वायू सोडीत असताना सगळा दोष मनुष्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. दुसरे याच्या अगदी उलट: समुद्रतळाचे कोठार आता फुटू लागले असून मनुष्याने काहीही केले तरी प्रलय टळत नाही. एक उत्तर जबाबदारी झटकते आणि दुसरे ती निरर्थक ठरवते. परिणामी दोघांचेही पर्यवसान हात बांधून बसण्यातच होते. माझे म्हणणे असे आहे की, निसर्गाच्या नावे मांडलेली ही रक्कम बारकाईने तपासली तर ती एकंदर हिशेबात लहान ठरते, तिच्यावर निसर्गाने स्वतःच विलक्षण कडक बंदोबस्त ठेवलेला आढळतो, आणि उथळ किनारी पाण्यात तो बंदोबस्त ढिला करण्याचे सामर्थ्य मात्र आज सर्वस्वी मनुष्याच्या हाती आलेले आहे.

हा वायू येतो कोठून, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. 1776 च्या नोव्हेंबर महिन्यात अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठी, आंगेरा गावाजवळच्या दलदलीत, तळाचा चिखल काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटतात हे दाखवून दिले. मिथेनच्या शास्त्रीय अभ्यासाचा प्रारंभ तेथून धरतात. व्होल्टाला सापडलेला वायू कुजणाऱ्या वनस्पतींवर प्राणवायूविना जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेला होता, आणि किनाऱ्याजवळच्या गाळातील बराचसा मिथेन याच जातीचा असतो. दुसऱ्या जातीचा मिथेन खोल भूगर्भात, लक्षावधी वर्षांच्या उष्णतेने आणि दाबाने, खनिज तेलाच्या सोबतीने तयार होतो व खडकांच्या भेगांतून वाट काढीत वर येतो.

या दुसऱ्या जातीचा जगातील अत्यंत प्रसिद्ध आणि अत्यंत काळजीपूर्वक मोजलेला पाझर कॅलिफोर्नियातील सांता बार्बरानजीक, कोल ऑइल पॉइंट या भूशिरासमोर आहे. सुमारे 20 ते 80 मीटर खोलीच्या पाण्याखालून येथे दररोज अंदाजे 1 लाख घनमीटर वायू हवेत जातो, आणि त्याच्याबरोबर शंभरएक पिंपे तेल समुद्रावर येते. युरोपीय माणसाने हा किनारा पाहण्यापूर्वी कितीतरी शतके तेथील चुमाश लोक किनाऱ्यावर लागलेले डांबर गोळा करून, त्यात पाइन वृक्षाची राळ मिसळून, आपल्या फळ्यांच्या होड्यांचे सांधे बुजवीत असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथून गेलेल्या व्हँकूव्हर या इंग्रज कप्तानानेही समुद्राच्या पृष्ठावर पसरलेल्या तेलकट तवंगाची नोंद केलेली आहे. म्हणजे हा पाझर नैसर्गिक आहे याविषयी शंकेला जागा नाही. परंतु वादाचा प्रारंभही येथूनच होतो.

1966 मध्ये याच पाझरक्षेत्राच्या कडेला तेल काढण्यासाठी ‘हॉली’ नावाचा फलाट उभारण्यात आला. तीन वर्षांनी, 28 जानेवारी 1969 रोजी, त्याच खाडीत अन्य एका कंपनीच्या फलाटावरील विहीर फुटून किनारा तेलाने माखला आणि अमेरिकेतील पर्यावरणविषयक जागृतीला त्या अपघाताने मोठी चालना दिली. पुढे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, हॉली फलाटाच्या आसपासच्या भागातील नैसर्गिक पाझर 22 वर्षांच्या अवधीत सुमारे निम्म्याने घटला होता. विहिरींनी भूगर्भातील तेलवायूचा दाब उतरवला, त्यामुळे भेगांतून वर येणाऱ्या प्रवाहाचा जोर ओसरला, हे त्याचे कारण. झाले, तेलाच्या समर्थकांना एक आयताच युक्तिवाद मिळाला: अधिक विहिरी खणा, म्हणजे समुद्र अधिक स्वच्छ होईल आणि हवेतला मिथेनही कमी होईल.

या युक्तिवादातील सत्यांश मी नाकारीत नाही. दाब उतरल्यावर पाझर घटतो ही गोष्ट कास्पियन समुद्राच्या काठीही इतिहासाने दाखवून दिलेली आहे. बाकूच्या परिसरात जमिनीतून आणि किनाऱ्याजवळच्या पाण्यातून वायू इतका मुबलक निघे की, जळता बोळा समुद्रावर टाकून पाणी पेटवण्याचा प्रकार प्रवाशांनी वर्णिलेला आहे. तेथील सुराखानीच्या अग्निमंदिरात, ज्याच्या भिंतींवर व्यापारानिमित्त गेलेल्या हिंदी लोकांचे देवनागरी शिलालेख आजही आहेत, जमिनीतून आपोआप निघणारी ज्वाला भक्तांनी पिढ्यान्‌पिढ्या पूजिली, आणि आसपासच्या तेलक्षेत्रातून भूगर्भातला वायू उपसला गेल्यावर 1969 मध्ये ती विझली. आज तेथे पेटते ती ज्योत नळाने आणलेल्या वायूची आहे.

पण यावरून विहिरी खणणे हे पुण्यकर्म ठरत नाही, कारण जमाखर्चाची एकच बाजू येथे वाचून दाखवली जाते. पाझर निम्म्याने घटावा म्हणून जेवढे तेल आणि जेवढा वायू उपसावा लागतो तो त्याच मुदतीत भेगांतून सुटला असता त्याच्या अनेक पटींनी अधिक असतो, आणि तो सगळा अखेर जाळला जातो. निसर्ग जे भांडवल सहस्रावधी वर्षांत थेंबाथेंबाने खर्च करता तेच आपण दोन-तीन दशकांत उधळावे आणि थेंब थांबल्याचे श्रेय मागावे, हा हिशेब सरळ नव्हे. याउलट कोल ऑइल पॉइंट येथेच 1982 मध्ये जे करण्यात आले त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पाझराच्या एका जोरकस मुखावर पोलादाचे दोन प्रचंड मनोरे उलट्या नरसाळ्यासारखे तळावर बसवून वर येणारा वायू पकडण्यात आला आणि नळाने किनाऱ्यावर नेण्यात आला. मनोरे बसवणाऱ्या तेलकंपनीने हे काही परोपकारबुद्धीने केले नाही. वायुप्रदूषणाच्या सरकारी हिशेबात तिला त्याबद्दल सवलत हवी होती. तथापि जो मिथेन हवेत जाणारच होता तो पकडून जाळल्याने उष्णतेचा भार निश्चितपणे घटतो, आणि नवी विहीर खणून काढलेल्या वायूला हे समर्थन लागू पडत नाही. हा भेद एकदा ध्यानात घेतला म्हणजे तो सगळा वाद निवळतो.

त्या मनोऱ्यांचा आणखी एक उपयोग झाला, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक मोलाचा. पकडलेल्या वायूच्या अखंड नोंदींवरून असे सिद्ध झाले की भरतीच्या वेळी पाझर मंदावतो आणि ओहोटीला वाढतो. पाण्याची एक-दोन मीटर उंची, म्हणजे समुद्राच्या मानाने अगदी क्षुल्लक भार, भूगर्भातून येणाऱ्या प्रवाहावर लगाम ठेवते किंवा तो सैल सोडते. उथळ पाण्यातील पाझर किती लहान कारणांनी हलतो याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

आता निसर्गाच्या बंदोबस्ताकडे वळू. गाळात तयार होणारा किंवा गाळातून वर येणारा मिथेन जर सगळाच्या सगळा पाण्यात सुटत असता तर वातावरणाची आजची घडण कधीच संभवली नसती. तो सुटत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वरून गाळात झिरपते, मिथेन खालून वर सरकतो, आणि दोघांची जेथे गाठ पडते त्या काही सेंटिमीटर किंवा काही मीटर खोलीवरच्या पट्ट्यात सूक्ष्म जीवांची एक जोडी ठाण मांडून बसलेली असते. रासायनिक मोजमापांवरून हा पट्टा शास्त्रज्ञांना 1970 च्या दशकापासून ठाऊक होता. परंतु हे काम कोण करते याचा उलगडा 2000 साली झाला, जेव्हा आन्त्ये ब्योटियुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्किया जातीचे जीव आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू एकमेकांना बिलगून मिथेनचे विघटन करताना प्रत्यक्ष दाखवून दिले. जुन्या काळी माल नेताना वाटेवरच्या जकातनाक्यावर त्यातला मोठा हिस्सा वसूल होऊन जावा, तसा या पट्ट्यात गाळातला बहुतांश मिथेन, कित्येक ठिकाणी दहापैकी नऊ हिस्से, तेथल्या तेथे वसूल होतो. या विघटनातून जो कर्ब निघतो त्याची चुनखडी बनून वाळूचे कण सांधले जातात. डेन्मार्कच्या पूर्वेस, काटेगाट सामुद्रधुनीत, अवघ्या 10-12 मीटर खोलीवर अशा चुनखडीचे स्तंभ आणि कमानी उभ्या आहेत, त्यांच्या फटींतून बुडबुडे निघत असतात, आणि त्यांच्या आश्रयाने शैवाल, स्पंज व मासे यांची दाट वस्ती झालेली आहे. युरोपीय संघाच्या कायद्याने वायुपाझरातून बनलेल्या अशा रचनांना संरक्षित अधिवासाचा दर्जा दिला आहे. जो वायू आपल्या लेखी निव्वळ उपद्रव, त्याच्यावर एक संपूर्ण जीवसृष्टी उभी राहते, ही गोष्ट मला अतिशय आदरणीय वाटते.

गाळाच्या पट्ट्यातून जे निसटते त्याचा पुढला हिशेब पाणी करते. खोल समुद्रात वर चढता चढता बुडबुड्यातील मिथेन पाण्यात विरघळतो आणि पाण्यातले जिवाणू तो खाऊन टाकतात; शेकडो मीटर खोलीवरून निघालेल्या बुडबुड्यातला मिथेन पृष्ठभागापर्यंत क्वचितच पोहोचतो. उथळ पाण्यात मात्र ही सवड मिळत नाही. 20 मीटर खोलीवरून सुटलेला बुडबुडा मिनिटा-दोन मिनिटांत हवेत असतो. म्हणूनच 2019 मध्ये केलेल्या एका जागतिक गणनेत सर्व महासागरांतून हवेत जाणाऱ्या मिथेनचा अंदाज वर्षाला 60 लाख ते 1 कोटी 20 लाख टन आला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा 50 मीटरहून उथळ अशा किनारी पाण्याचा निघाला. महासागराच्या विस्तारात हा पट्टा नगण्य आहे. परंतु मनुष्याच्या वस्तीला, सांडपाण्याला, बंदरांना आणि धरणांना चिकटलेला पट्टाही नेमका तोच आहे.

बंदोबस्त कोठे अपुरा पडतो याची दोन उदाहरणे मला विशेष विचारप्रवर्तक वाटतात. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंडमध्ये 2011 साली, सुमारे 10 मीटर खोलीवर, मिथेनचा एक नवा पाझर सुरू झालेला आढळला. पाच वर्षांनी तळाची पुन्हा तपासणी केली तेव्हाही मिथेन खाणाऱ्या जीवांची अपेक्षित वस्ती तेथे पुरती बसलेली नव्हती आणि वायू सुटतच होता. म्हणजे नवीन पाझर फुटताच पहारेकरी हजर होतात असे नाही. त्यांना वर्षे लागतात. दुसरे उदाहरण नेदरलंड्समधील ग्रेव्हेलिंगन सरोवराचे. ही मूळची समुद्राची खाडी. पुरापासून संरक्षणाच्या योजनेत 1965 आणि 1971 मध्ये दोन बांध घालून ती बंद करण्यात आली. प्रवाह थांबला, सेंद्रिय गाळ विलक्षण वेगाने साचू लागला, आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले की गाळाचा हा लोंढा इतका भरधाव आहे की मिथेन खाणारे जीव त्याच्या मागे पडले असून वायू थेट पाण्यात उतरत आहे. बांध मनुष्याने घातला, गाळाला कारण मनुष्य झाला, आणि निघालेला वायू मात्र जिवाणूंनी तयार केलेला म्हणून नैसर्गिक खात्यावर टाकावयाचा, हे कोणत्या न्यायाने? नैसर्गिक पाझर आणि मानवी कृत्य यांच्यामधली जी रेषा आपण कागदावर इतक्या निःशंकपणे ओढतो ती उथळ किनाऱ्याच्या गाळात कोठेही सापडत नाही.

एकंदर आकड्यांचाही विचार केला पाहिजे. वातावरणातील मापनांवरून पृथ्वीवरून दरवर्षी सुटणारा एकूण मिथेन 57 कोटी टनांच्या आसपास धरला जातो आणि त्यातील बराच मोठा हिस्सा मानवी व्यवहारांचा आहे. भूगर्भातून, म्हणजे जमिनीवरील आणि समुद्रातील मिळून सर्व नैसर्गिक पाझरांतून, 4 ते 6 कोटी टन येत असावा असा एका पक्षाचा प्रत्यक्ष पाझरांच्या मोजणीवर आधारलेला अंदाज होता. परंतु 2020 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांच्या एका गटाने ग्रीनलंडच्या बर्फात अडकलेली, यंत्रयुगापूर्वीची हवा तपासली. लक्षावधी वर्षे भूगर्भात राहिलेल्या मिथेनमध्ये किरणोत्सारी कर्ब उरलेला नसतो, त्यामुळे त्या हवेत असा मृत मिथेन किती होता हे काढता येते. आणि ती गणना वर्षाला फार तर 54 लाख टनांवर थांबली. दोन्ही पक्षांचा वाद अद्याप मिटलेला नाही, पण त्याचा व्यवहारातील अर्थ उघड आहे: आज हवेत असलेल्या भूगर्भीय मिथेनची एकूण रक्कम ठरलेली असल्याने, निसर्गाच्या नावावरून जेवढी रक्कम उतरते तेवढी खाणी, तेलविहिरी आणि वायूच्या नळांच्या नावावर चढते. निसर्गाचा पाझर मोठा दाखवण्यात कोणाचे हित आहे हे वेगळे सांगावयास नको.

प्रलयवाद्यांनाही आकड्यांनी आवर घातलेला आहे. पूर्व सायबेरियाच्या उत्तरेकडील समुद्र अतिशय उथळ. हिमयुगात ती कोरडी गोठलेली जमीन होती व पुढे ती पाण्याखाली गेली. शाखोवा आणि सेमिलेतोव या रशियन संशोधकांनी तेथून वर्षाला सुटणाऱ्या मिथेनचा अंदाज 2010 मध्ये सुमारे 80 लाख टन आणि 2013 मध्ये 1 कोटी 70 लाख टन असा वर्तवला, तेव्हा जगभर घबराट उडाली; नंतर स्वीडिश जहाजावरून केलेल्या मापनांत तो आकडा 30 लाख टनांच्या आत आला. तेथील संशोधकांच्या कष्टांचे मोल यामुळे कमी होत नाही, परंतु विस्तीर्ण समुद्रावर थोड्या ठिकाणी मोजून काढलेला आकडा किती सांभाळून वापरावा हे त्यावरून कळते. शेजारी दुसरा आकडा ठेवावा: 2022 च्या सप्टेंबरात बाल्टिक समुद्रातील नॉर्ड स्ट्रीमचे नळ फुटले तेव्हा काही दिवसांत साडेचार लाख टनांहून अधिक मिथेन हवेत गेला. कोल ऑइल पॉइंटच्या पाझराला एवढी मजल मारावयास साधारण वीस वर्षे लागली असती.

हे सारे लिहिताना माझ्या मनात सतत आपला पश्चिम किनारा होता. गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील करिसिद्धय्या आणि वीरय्या यांनी 1994 मध्येच दाखवून दिले की पूर्व अरबी समुद्राच्या किनारी उथळ पट्ट्यातील चिकणमातीच्या गाळात वायू साठलेला आहे. तळाकडे सोडलेल्या ध्वनिलहरी अशा ठिकाणी वायूच्या बुडबुड्यांत विखुरल्या जातात आणि नकाशावर खालचे थर झाकोळून जातात, त्यावरून हा साठा ओळखता येतो. तो हरितगृह वायूचा संभाव्य स्रोत आहे, हेही त्यांनी तेव्हाच नोंदले होते. मांडवी आणि जुवारीसारख्या नद्यांच्या मुखांतील पाण्यात मिथेन हवेशी समतोल राखण्याइतक्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक असतो, हेही मोजले गेले आहे. त्यात आपल्या किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य असे की पावसाळ्यात खोलवरचे, प्राणवायूची वाण असलेले पाणी उथळ पट्ट्यावर चढते, वर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर पसरतो, आणि पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तळाचे पाणी जवळजवळ प्राणवायूविहीन होते. कांदोळीसमोर वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींत हे स्पष्ट दिसते. आणि नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली असेही मांडले की शेतीतील खतांमुळे समुद्रात उतरणारे नत्र ही नैसर्गिक अवस्था अधिक तीव्र करीत असावे. प्राणवायू नाही म्हणजे पाण्यात मिथेन खाणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते. मुंबईच्या खाड्यांत आणि वरळी-वांद्र्याच्या समुद्री नळांतून उतरणारे सांडपाणी, कोकणच्या खाड्यांत डोंगरांवरून येणारा गाळ, बांध आणि भराव यांनी अडलेले प्रवाह, हे सगळे एकत्र धरले म्हणजे ग्रेव्हेलिंगनचे उदाहरण आपल्यासाठी केवळ परदेशातील नवलाई राहत नाही.

भूकंपाचाही येथे संबंध पोहोचतो. मकरानच्या किनाऱ्यावर 28 नोव्हेंबर 1945 रोजी झालेल्या भूकंपात समुद्रातून चिखलाची बेटे वर आली, त्यांतून वायू निघाला, आणि त्याच भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली. 2013 मध्ये ग्वादरजवळ असेच बेट वर आले. तथापि आपल्या किनाऱ्याचा खरा प्रश्न असल्या विरळ घटनांचा नसून दैनंदिन, अदृश्य पाझराचा आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, प्रत्येक मोठ्या खाडीच्या मुखाशी आणि ज्ञात वायुयुक्त गाळाच्या पट्ट्यांवर, निदान एक दशकभर, तळातून सुटणारा वायू, गाळातील सल्फेटच्या पट्ट्याची खोली आणि पाण्यातील प्राणवायू यांची नियमित मोजणी व्हावी, आणि तिचे दप्तर सरकारने सर्वांना खुले ठेवावे. ही मोजणी हिवाळ्यातील शांत समुद्रावर करून भागणार नाही. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि त्यानंतर त्या पुन्हा समुद्रात उतरतात, तोच काळ तळाचे पाणी निःसत्त्व होत जाण्याचा. तेव्हा कोळी आणि खारवी बांधवांच्या नौकांवरच साधी उपकरणे देऊन, त्यांच्या ज्ञानाचा आणि श्रमाचा योग्य मोबदला देऊन, हे काम त्यांच्या भागीदारीने करता येईल. बंदरासाठी तळ उपसण्याचा परवाना देण्यापूर्वी तर त्या जागेच्या वायूची मोजणी सक्तीची असावी, कारण गाळ एकदा उचलला गेला की तेथे आधी किती वायू कोंडलेला होता आणि त्यातला किती जिवाणू खात होते हे नंतर कोणत्याही यंत्राने काढता येत नाही.